न जळलेली निशाणी

त्या गुन्ह्याचा रजिस्टर नंबर मी विसरलो. मोहाच्या अकरा बुडख्यांवरच्या पांढऱ्या निशाण्या मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, वैनगंगेतून प्रेतं ओढून काढली. त्यातलं बरंच पुसट झालं. ही झाडांची केस पुसट होत नाही. "झाडांची केस म्हणजे काय एवढं" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठीच लिहितो आहे. नाव कुणाचंच देणार नाही. ज्यांची द्यायला हवीत ते सुखानं पेन्शनवर गेले, आणि ज्यांची देऊ नयेत त्यांनी आधीच पुष्कळ भोगलं.

काळ ऐंशीच्या दशकाचा. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून रुजू झालो. त्याआधी ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो. सायक्लोस्टाईलची शाई नखांत घेऊन आठवडी बाजारात उभा राहायचो आणि जंगलतोडीविरुद्धचा कागद येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबायचो. वडील म्हणाले, कागद वाटून पोट भरत नाही, परीक्षा दे. परीक्षा दिली. अंगावर वर्दी आली, पण डोक्यातलं पत्रक गेलं नाही. झाड तोडणारा म्हटलं की माझं रक्त तापायचं. तापलेल्या रक्ताचा फौजदार आळशी फौजदारापेक्षा जास्त नुकसान करतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी कायदा काय होता तो सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्या भागात झाड कायद्यानं राखलेलं होतं. साग असो की मोह, अगदी स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नव्हती. ज्या झाडाला परवानगी मिळेल त्यावर वनखात्याचा हातोडा पडायचा. या हातोड्याच्या तोंडावर खात्याचं अक्षर कोरलेलं असतं. झाडाची साल दोन जागी तासायची, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी जमिनीपासून वीतभर वर, आणि दोन्ही जागी हातोडा मारून अक्षर उमटवायचं. वरची निशाणी लाकडाबरोबर निघून जाते. खालची बुडख्यावर राहते. पुढं तपासणीला आलेला अधिकारी बुडखा पाहतो. निशाणी असली तर झाड कायद्यानं मेलं. नसली तर चोरी.

म्हणजे ज्याच्या हातात हातोडा, त्याच्या हातात जंगल.

ज्येष्ठ महिन्यात त्या भागाचा वनपाल ठाण्यात फिर्याद घेऊन आला. नीटनेटका माणूस, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. एका गावाशेजारी पाटलाच्या शेतातला साग तोडायची परवानगी एका ठेकेदाराला मिळाली होती. ठेकेदाराच्या माणसांनी वैशाखात शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून सरकारी जंगलातही कुऱ्हाड चालवली. चाळीसेक साग गेले, त्यांच्यासोबत अकरा मोह. आणि या सगळ्या बुडख्यांवर खात्याच्या हातोड्याची निशाणी होती. भरारी पथकानं ते पकडलं. परवानगी नसलेल्या झाडांवर हातोडा पडला कसा, असा प्रश्न निघाला.

वनपालाचं उत्तर तयार होतं. "मी पौषात महिनाभर आजारपणाच्या रजेवर होतो, साहेब. हातोडा वननाक्यावर राहिला, ती माझी चूक. पण त्या महिन्यात तो रोजंदारी चौकीदाराच्या ताब्यात होता. मी परत आलो त्या दिवसापासून हातोडा माझ्या पेटीत, पेटीला कुलूप, चावी माझ्या कमरेला. तेव्हा निशाण्या पौषातच पडल्या. दुसरं काही संभवत नाही."

चौकीदार त्याच गावचा. पंचविशी ओलांडलेला, घरी एकटी आई.

चार दिवसांनी ठाण्यात एक निनावी चिठ्ठी आली. चौकीदारानं ठेकेदाराच्या माणसांबरोबर बसून मोहाची घेतली आणि रात्रीतून हातोडे मारून दिले, असा मजकूर. अक्षर वळणदार. शेवटी लिहिलं होतं, "सबब योग्य ती कार्यवाही व्हावी." त्या गावात तेव्हा 'सबब' लिहिणारा एक माणूस नव्हता. ही चिठ्ठी कचेरीतली आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मला गुन्हेगार हवा होता, आणि तो पत्त्यासकट टपालानं आला होता.

आमचे हवालदार त्या ठाण्यात मुरलेले. चिठ्ठी वाचून म्हणाले, "सायेब, अर्धा तपास पोस्टमनानं केला. आता अर्धा माह्याकडे द्या."

चौकीदाराला आणलं. उघड्या पायांनी, खाकी हाफ पँट आणि वर गावातलाच बंडीसारखा सदरा. ठाण्याच्या उंबऱ्यावर त्यानं काढून ठेवायला चप्पल शोधावी तसं खाली पाहिलं, मग तसाच आत आला.

"पौषात हातोडा तुझ्याकडे होता?" मी विचारलं.

"हाव जी. मोठे सायेब सुट्टीवर गेलते."

"कुठं ठेवला होता?"

"नाक्याले कुलूप नोहोतं जी. म्हून घरी नेला. मायच्या धानाच्या ढोलीत ठेवला."

"सरकारी हातोडा घरी नेलास. कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम नोहोता जी."

"झाडावर मारला?"

"नाई जी." मग थोडं थांबून, खरं सांगून टाकावं अशा आवाजात, "एक डाव बैलाचा खुंटा ठोकला."

हवालदार खो-खो हसले. "खुंटा ठोकला म्हणे. अन् ते पन्नास झाडं? एवढे बैल हायेत का बे तुह्या बापाकडे?"

आज वाटतं, त्या खुंट्याजवळच मला थांबायला हवं होतं. ज्याला खोटं बोलायचं असतं तो असला क्षुल्लक गुन्हा आपणहून सांगत नाही. पण मी तेव्हा माणसं ऐकत नव्हतो, कलमं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी हात उचलला. मी त्यांना थांबवलं नाही. 'मारू नका' एवढे दोन शब्द होते. ते तोंडातून निघाले नाहीत. मी टेबलाशी बसून केस डायरी लिहीत राहिलो आणि कानावर आवाज येत राहिला. हे इथं लिहितो आहे, कारण केस डायरीत ते लिहिलेलं नाही.

दुपारी तो उकिडवा बसला, दोन्ही हात जमिनीला लावले, मग कपाळाला लावले.

"चूक झाली सायेब. मान्य हाये. दंड सांगा अन् जाऊ द्या. माय एकटी हाये."

"झाडांवर हातोडा तूच मारलास?"

"हाव जी. म्हणलं ना, मान्य हाये."

"जाऊ द्या म्हणतो," हवालदार म्हणाले. "लेका, आता तं कुठी सुरू झालं."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी भीती समजलो. ती भीती नव्हती. तो गोंधळला होता. आपण तर हात जोडले, मग ही माणसं बेडी का काढताहेत, हे त्याला कळत नव्हतं.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला पाठ होतं. पण रिमांडपुरता तो पुरतो. चौकीदार चंद्रपूरच्या जेलात गेला. वायरलेसवरून वरिष्ठांची शाबासकी आली. त्या आठवड्यात मी खूश होतो. झाडांचा एक शत्रू आत टाकला, असं मी घरी पत्रात लिहिलं.

तो जेलात गेला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्याची आई ठाण्यात येऊ लागली. गाव दोन कोसांवर. सकाळी निघायची, उन्हं चढायच्या आत पोचायची, आवारातल्या कडुलिंबाखाली बसायची. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. रडायची नाही, पाया पडायची नाही. नुसती बसायची. ठाण्यात रडणाऱ्या बाया रोज येतात, त्यांची सवय होते. न रडणाऱ्या बाईची होत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी बाहेर पडताना ती उठली.

"सायेब, एक विचारू का जी?"

"विचारा बाई."

"तुमी झाडं पायले का?"

"पंचनामा झाला आहे."

"पंचनामा नाई विचारून राह्यली. झाडं. तुमच्या डोयानं."

हवालदार दारातून ओरडले, "ओ बाई, सायेबाले वकिली शिकवतेस का?"

"वकिली नाई बापा," ती म्हणाली. "गेले ते मोह माहे. धरला तो चोरबी माहाच. दोनी माह्याच घरचे गेले. म्हून विचारून राह्यली."

मी झाडं पाहिली नव्हती. पंचनामा वनपालानं लिहून आणला होता, पंचांच्या सह्यांसकट, सुंदर अक्षरात. मी घटनास्थळी गेलो होतो, पण जीप नाल्यापाशी अडली, ऊन फार होतं, आणि वनपाल म्हणाला, "कशाला त्रास घेता, साहेब, मी सगळं टिपून ठेवलंय." जीपमध्ये बसून मी सही केली. झाडांवर पत्रकं लिहिणारा माणूस झाडापर्यंत चालत गेला नाही.

म्हातारीपुढं मला लाज वाटली, आणि लाजेपोटी राग आला. रागातच म्हणालो, "चला, दाखवा."

हवालदारांना घेतलं, वाटेत दोन पंच घेतले आणि गेलो. नाल्यापासून पुढं चालत.

धुऱ्यापलीकडे सागाचे बुडखे होते, लालसर, सरळ कापलेले. त्यांच्यापुढं मोह. मोहाचं झाड एका माणसाच्या कवेत येत नाही. अकरा बुडखे म्हणजे अकरा मोठाल्या चौरंगांसारखे पडले होते, आणि अवतीभवती वाळलेल्या फांद्यांवर कोवळी टोरं, म्हणजे मोहाची फळं, तशीच सुकलेली. म्हातारीनं पदराची गाठ सोडून दाखवली. तिनं तीच टोरं बांधून आणली होती. त्यांचं तेल निघतं. त्या घरांत वर्षाचं तेल तेच असतं.

ती एकेक बुडखा दाखवत चालली. "हा माहा. तो जावेचा. तो पल्याडचा बुढीचा, तिले दिसत नाई, नातीन आनते तिले."

"सरकारी जंगल आहे ना हे?" एका पंचानं विचारलं. तो बाजारातला दुकानदार होता.

"जंगल सरकारचं असन," म्हातारी म्हणाली. "मोहाखाली कोन येचते ते सरकारले कुठी मालूम."

मग ती आपल्या बुडख्याशी बसली. "आता पाय जी."

मी वाकलो. बुडख्याची साल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळी होती, चुलीमागच्या भिंतीसारखी. हात लावला तर बोटं काळी झाली. त्या काळ्यात एक चौकोन तासलेला, आणि चौकोनात हातोड्याचं अक्षर. चौकोन पांढरा होता. स्वच्छ पांढरा.

"हे काळं कशानं?"

"आमी जाळतो न जी. होळीच्या आगुदर. मोहाचं फूल गळाच्या पयले बुडाजवळचा पालापाचोळा लोटतो अन् विस्तव लावतो. नाई तं फूल पानात हरपते, येचता येत नाई. माही माय जाळे, सासू जाळे, मी जाळतो. दरसाल." मग तिनं बोट त्या पांढऱ्या चौकोनावर ठेवलं. "पौषात हे निशानी पडली असती तं होळीत जळली असती. काळी झाली असती. पाय बरं, काळी हाये का?"

हवालदार शेजारच्या बुडख्यापाशी गेले, मग त्याच्या पलीकडच्या. अकराही पाहिले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"सायेब, साऱ्या पांढऱ्या हायेत."

पौषात हातोडा चौकीदाराकडे होता. निशाण्या होळीनंतरच्या होत्या. आणि होळीनंतर हातोडा कुठं होता, ते वनपालानं स्वतःच फिर्यादीत सही करून दिलं होतं. आपल्या पेटीत, कुलूप लावून, चावी कमरेला.

सगळी हयात जंगलात काढलेल्या त्या माणसाला मोहाखाली बाया काय करतात हे नीट ठाऊक नव्हतं. म्हणजे जाळतात हे ठाऊक होतं, त्यासाठी तो दरसाल त्यांच्यावर खेकसायचा. पण त्या जाळण्याचा एक डाग झाडावर राहतो आणि तो डाग तारीख सांगतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

तिथंच पंचनामा केला, या वेळी माझ्या हातानं. दोन बुडख्यांवरून निशाणीसकट लाकडाचे तुकडे काढले, आजूबाजूची काळी साल ठेवून. कापडात बांधले, लाखेचं सील लावलं. म्हातारीचा जबाब लिहायला घेतला. "होळीपूर्वी मी व गावातील इतर स्त्रियांनी सदर मोहवृक्षांच्या बुंध्याशी पालापाचोळा जाळला," असं वाक्य झालं आणि ती म्हणाली, "सायेब, हे लिहिल्यानं मले काई होनार नाई ना? गार्ड म्हणते का विस्तव लावनं गुन्हा हाये."

मला तो कायदा माहीत होता. जंगलात विस्तव लावणं हा गुन्हा आहे, कलमासकट माहीत होतं. लेखणी हातात तशीच धरून मी म्हणालो, "काही होत नाही, बाई. आंगठा लावा."

तिनं लावला.

वनपालाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. चहा दिला. एक गोष्ट नोकरीत शिकलो ती इथं कामी आली: खोटं सांगणाऱ्याला घाई करू नये, त्याचं खोटं त्याला पुन्हा एकदा पूर्ण सांगू द्यावं. त्यानं सांगितलं. तारखांसकट, वारांसकट. खरं बोलणारा 'धान मळलं त्याच्या मागं' असं सांगतो, खोटं बोलणाऱ्याच्या तोंडी तारीख असते.

"हातोडा परत घेतल्यावर एकदाही पेटीबाहेर गेला नाही?"

"प्रश्नच नाही."

"चावी कुणाला दिली?"

"बायकोलाही नाही, साहेब."

तसं लिहून घेतलं, सही घेतली. मग सील केलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ही साल काळी का आहे, सांगा."

"बाया जाळतात. अडाणी आहेत. आम्ही किती सांगतो."

"कधी जाळतात?"

"होळीच्या सुमाराला..." तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर पांढऱ्या चौकोनावर गेली आणि तिथंच राहिली. चहावर साय धरली. हवालदार दाराला टेकून उभे होते. शेवटी तेच म्हणाले, "बोला न जी. खुंटा ठोकला होता का?"

संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं. झाडं आधी कापली गेली, निशाण्या नंतर, पथक येणार अशी कुणकुण लागल्यावर. ठेकेदाराच्या जीपमध्ये बसून वनपाल गेला आणि स्वतःच्या हातानं बुडखे तासून हातोडा मारत फिरला. चिठ्ठीही त्याचीच.

इथं थांबलो असतो तर गोष्ट चांगली झाली असती. मेहनती फौजदार, हुशार म्हातारी, निर्दोष सुटला, दोषी सापडला. वर्तमानपत्रात अशाच गोष्टी येतात. आता पुढचं ऐका.

चौकीदार सुटायला श्रावण उजाडला. अटक माझ्या एका सहीनं झाली होती, सुटकेला किती सह्या लागल्या ते मोजायचं सोडून दिलं. माझा अहवाल वर गेला, शेरा होऊन खाली आला, पुन्हा वर गेला. तोवर धानाची रोवणी, म्हणजे लावणी, निघून गेली. म्हातारीनं एकटीनं एक बांधी रोवली, बाकीच्यात गवत उभं राहिलं. जेलात त्याला हिवताप धरला होता. मी त्याला एसटीनं घेऊन आलो तेव्हा तो खिडकीशी बसून सारखा झोपत होता. जागा झाला की विचारायचा, "संपलं ना जी?"

तेव्हाच त्यानं मला ते सांगितलं. "आमच्याकडे पंचात हात जोडले, चूक मानली, का झालं. बकरा देतो, भात देतो, सारे जेवतात. मंग ते गोष्ट कोनी काढत नाई. मले वाटलं तुमच्याकडेबी तसंच असन. म्हून म्हणलं, मान्य हाये."

"पण तू काही केलंच नव्हतं."

"हातोडा घरी नेला होता न जी. खुंटा ठोकला. एवढं तं होतं."

ठेकेदारानं खात्याशी तडजोड केली. कायद्यात तशी सोय आहे, पैसे भरा आणि मोकळे व्हा. वनपालाची खातेनिहाय चौकशी लागली, बदली झाली, आणि वरचे म्हणाले की कोर्टात ओढून खात्याची अब्रू घालवू नका. त्याचं दोषारोपपत्र माझ्या कपाटात पडून राहिलं, पुढं माझ्या जागी आलेल्याच्या कपाटात. झाडं वाचवायच्या त्या कायद्यानं एकूण एकच माणूस जेलात गेला, आणि तो ज्याच्या आईचे मोह तोडले गेले तो.

एवढ्यावरही भागलं नाही. भाद्रपदात म्हातारीच्या हाती समन्स आलं. जंगलात विस्तव लावल्याचा गुन्हा. सोबत पुरावा म्हणून तिच्या जबाबाची नक्कल. माझ्या अक्षरातली.

मी रेंज ऑफिसात गेलो. भांडलो म्हणायला हरकत नाही. रेंजर शांतपणे म्हणाला, "लिखाण तुमचंच आहे, फौजदार साहेब. सही-शिक्का तुमचा. मला वरून विचारणा झाली, आगीच्या कबुलीवर काय कारवाई केली? मी काय उत्तर देऊ? कायदा झाडांसाठीच आहे ना?"

कॉलेजात असतो तर याच वाक्यावर पत्रक काढलं असतं. वर्दीत होतो. सलाम करून परत आलो.

तालुक्याच्या कोर्टात तिला उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी मागं बाकावर होतो. तिनं वाकून दोन्ही हात फरशीला लावले, कपाळाला लावले.

"मान्य हाये जी. दंड सांगा."

वय पाहून कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. म्हणजे दिवसभर कोर्टात बसून राहायचं, कामकाज संपलं की सुटका. हलकी शिक्षा, सगळे म्हणाले. ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. आवारातल्या कडुलिंबाखाली बसायची तशीच. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती की नाही, तेही मला म्हणून माहीत नाही.

त्याच आठवड्यात चौकीदार ठाण्यात आला. नोकरी त्यानं सोडली होती, म्हणजे परत घेतलीच नव्हती.

"सायेब, रईवारी घरी या जी. पंच बसनार हायेत."

"कशासाठी?"

"मी जेलातलं खाल्लं. माय कोर्टात बसली. मंग गावाले आमाले परत घ्या लागते. आमी दोघंबी हात जोडतो, सारे जेवतात." मग तो जरा घुटमळला. "आमचा भूमिया म्हणला, सायेबालेबी सांग. त्यायचं काई असन तं तेबी इथीच टाकून जातीन. एकदा जेवलं का मंग कोनी काढत नाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. गावच्या पुजाऱ्यानं, ज्याला तिकडं भूमिया म्हणतात, मला खरंच बोलावलं होतं.

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी हवालदार सकाळी सकाळी म्हणाले, "सायेब, जा. ठाणं मी पायतो." ज्यांनी त्याच्यावर हात उचलला होता ते हवालदार. "मी बी आलो असतो, पन मले बोलावलं नाई."

मी गेलो नाही. बाजाराचा बंदोबस्त होता असं स्टेशन डायरीत लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. तिथं गेलो असतो तर वाकावं लागलं असतं, जमिनीला हात लावावे लागले असते, चारचौघांत, वर्दीत किंवा वर्दीशिवाय. काय काय मान्य करायचं ते मला पाठ होतं. जीपमधली सही. दुसऱ्या दिवशीची दुपार. आणि 'काही होत नाही, बाई.' हे शेवटचं सगळ्यांत जड. पहिल्या दोन चुका होत्या. तिसरं मी जाणून बोललो होतो.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हेच, की कायदा झाडाला राखायला निघतो आणि वाटेत त्याला झाडाखाली बसलेला माणूस भेटतो. कुऱ्हाड लांब असते, तो माणूस जवळ असतो. कायदा जवळचं पकडतो, कारण कायद्याचे हात म्हणजे आम्ही, आणि आम्हाला ऊन सोसत नाही, जीपमधून उतरवत नाही. पुढच्या नोकरीत जागा न पाहता मी एकाही पंचनाम्यावर सही केली नाही. त्याचं कौतुक नको. त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली आहे.

बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी त्या रस्त्यानं गेलो. फाल्गुन होता. एसटीतून उतरून नाल्यापलीकडे चालत गेलो. बुडख्यांना कोंब फुटले होते, काही माणसाच्या डोक्याइतके उंच. मोह असा सहज मरत नाही. पण खाली पालापाचोळा तसाच साचलेला होता, घोट्याइतका. कुणी लोटला नव्हता, कुणी जाळला नव्हता. मी वाकून एका बुडख्याची साल पाहिली. जुनी जळकी साल झडून गेली होती, नवी कुठंही काळी नव्हती.

त्या रविवारी गाव जेवलं. नंतर तिथं ती गोष्ट कुणी काढली नाही, असं ऐकलं. गाव दिलेला शब्द पाळतं. मी तिथं जेवलो नाही, म्हणून माझ्याकडे ती अजून निघते.